थंडीच्या देशात घर तापवताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू परदेशात राहतेस, तिकडचे अनुभव सांग, पंधरा-वीस मिनिटं बोल." परदेशातले अनुभव म्हटलं की लोकांना मोठाले पूल, वेळेवर येणाऱ्या गाड्या आणि स्वच्छ रस्ते ऐकायचे असतात. पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी मी जे ऐकतेय, त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येतेय. कुणाची मुलगी सप्टेंबरात एम.एस्सी.ला इंग्लंडला निघालीय, कुणाचा जावई तिकडे नर्सिंगच्या नोकरीत लागलाय, कुणी पुढच्या वर्षी नातवंडाच्या बाळंतपणाला जाणार आहे. म्हणून ठरवलं, त्यांना ज्याचा पहिल्या महिन्यात उपयोग होईल तेच बोलायचं. तिकडे घर ऊबदार कसं ठेवतात, त्याला किती पैसे लागतात आणि त्यात जिवाला धोका कुठे असतो, एवढाच माझा विषय आहे.

आपण सगळे उन्हाची माणसं. घाटावरचे बुलढाणा-चिखली-मेहकरचे लोक घाटाखालच्या आम्हा मलकापूर-खामगाव-नांदुऱ्याच्या लोकांना नेहमी चिडवायचे, की तुमच्याकडे मे महिन्यात माणूस भाजून निघतो. ते खरंच आहे. त्यामुळे घर थंड कसं ठेवायचं, याचं ज्ञान आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जुनी माळवदाची घरं, जाड मातीच्या भिंती, दुपारी बंद खिडक्या आणि संध्याकाळी अंगणात सडा. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो, हे घाटाखालच्या पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. हे कूलरचं ज्ञान लक्षात ठेवा, पुढे इंग्लंडमध्येही ते कामाला येणार आहे.

थंडी मात्र आपल्यासाठी दोन महिन्यांची पाहुणी. बुलढाण्यात एखाद्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की स्वेटर, गोधडी आणि शेकोटी एवढ्यावर भागतं. घर तापवायचं, ही कल्पनाच आपल्याकडे नाही. आपण माणूस तापवतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल अशी सहा-सात महिने थंडी असते, डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, आणि तिथे अख्खं घर तापवावं लागतं. नवीन माणसाला ही गोष्ट पचायलाच पहिला हिवाळा जातो.

आम्ही २००४ साली लेस्टरला गेलो. लेस्टर हे मँचेस्टर आणि लंडनच्या मधलं शहर, गुजराती लोकांची मोठी वस्ती असलेलं. आमच्या शेजारी एक वयस्कर गुजराती बाई राहायच्या, सगळे त्यांना 'बा' म्हणायचे. युगांडात इदी अमीनने १९७२ च्या ऑगस्टमध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा सुमारे अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनमध्ये आले. बा त्यांतल्याच. कंपालाच्या उन्हातून निघालेली ती माणसं ऐन थंडीच्या तोंडावर विमानतळावर उतरली. स्वयंसेवी संस्थेच्या बायकांनी त्यांना जुने कोट वाटले आणि लष्कराच्या रिकाम्या छावण्यांमध्ये त्यांची सोय केली.

बांनी मला सांगितलं, की तेव्हाच्या भाड्याच्या घरात नाणं टाकायचा गॅस-मीटर असायचा. नाणं संपलं की ऊब संपली. बहुतेक नवे लोक रॉकेलचा हीटर वापरायचे. त्या काळात निम्म्याहून अधिक ब्रिटिश घरांतही सेंट्रल हीटिंग नव्हतं. कोळशाची शेगडी नाहीतर रॉकेल. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुरानं हजारो माणसं दगावली, तेव्हा १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरातला कोळसा हळूहळू मागे पडला. पुढे १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ पासून दहा वर्षं घरोघर जाऊन जुन्या कोळसा-वायूची उपकरणं नव्या वायूसाठी बदलली गेली. आज तिथली बहुसंख्य घरं या नळाच्या गॅसवर तापतात. म्हणजे आपण जे ऐसपैस ऊबदार इंग्लंड सिनेमात बघतो, ते बांच्या डोळ्यांदेखत तयार झालेलं आहे.

आता ते यंत्र समजून घेऊ. आपल्या सगळ्यांच्या घरी पूर्वी आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब होता. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राख. इंग्लंडमधला बॉयलर म्हणजे भिंतीवर टांगलेला गॅसचा बंबच. फरक एवढाच, की त्यातलं गरम पाणी एका पंपानं घरभर फिरतं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पत्र्याचा एक चपटा डबा असतो, तो रेडिएटर. पाणी त्यातून फिरून, खोलीला ऊब देऊन, गार होऊन परत बंबात येतं. ज्याला 'कॉम्बी' म्हणतात तो बॉयलर हेच काम करतो आणि नळाचं पाणीही तिथल्या तिथे तापवून देतो.

बॉयलरवर एक काटा असतो, आतल्या पाण्याचा दाब दाखवणारा. यंत्रणा गार असताना तो साधारण एक ते दीड बारच्या मधे असावा. तो पार खाली गेला तर बॉयलर बंद पडतो, आणि नवीन माणूस घाबरून मेकॅनिकला शंभर पौंड देतो. पुष्कळदा खालची भरणीची तोटी थोडी उघडून दाब पुन्हा एकवर आणला, की काम होतं. घरमालकाला एकदा विचारून घ्यायचं, ती तोटी कुठे आहे ते.

आता विज्ञानाच्या सरांची आठवण काढते. सर इथे पहिल्या रांगेत बसलेत. नववीत सरांनी गुप्त उष्णता शिकवली होती. वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता सोडते. गॅस जळतो तेव्हा पाण्याची वाफ होते आणि ती धुराड्यातून बाहेर जाते, म्हणजे उष्णता वाया. २००५ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवायचा तर तो 'कंडेन्सिंग' असावा लागतो. तो या वाफेचं आतच पाणी करतो आणि तिची गुप्त उष्णता वसूल करतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं. पुष्कळ घरांत बॉयलर सत्तर-ऐंशी अंशांवर लावून ठेवलेला असतो, म्हणून ती वसुली होतच नाही. कॉम्बी बॉयलरचं रेडिएटरकडे जाणारं पाणी साठ अंशांवर आणलं, की घर थोडं सावकाश तापतं, पण तेवढंच तापतं, आणि गॅस कमी जळतो. त्यासाठी एक बटण फिरवायचं असतं, खर्च शून्य. मात्र घरात गरम पाण्याची साठवण टाकी असेल, तर तिचं तापमान साठच्या खाली आणायचं नाही, कारण कोमट साठलेल्या पाण्यात रोगजंतू वाढतात. सर, तुमचा तो एक तास लेस्टरच्या घरात दर हिवाळ्यात पैसे वाचवतो.

भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो. लोकांचा समज असा, की तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे, तीसवर नेला की घर लवकर तापेल. तसं होत नाही. एकोणीसवर ठेवा की तीसवर, घर त्याच वेगानं तापतं. तीसवर ठेवलं तर ते थांबतच नाही आणि मग लोक खिडक्या उघडतात. रेडिएटरच्या बाजूला एक ते पाच आकड्यांचा खटका असतो, त्यानं वापरात नसलेल्या खोलीची ऊब कमी ठेवता येते.

आता पैशांकडे येऊ, कारण मुलं घरी फोन करून खोटं बोलतात ती इथेच.

गॅस आणि वीज, दोन्हींचं बिल युनिटवर येतं, आपल्या महावितरणच्या युनिटसारखंच. अलीकडच्या काळात गॅसचं युनिट साधारण सहा पेन्सच्या आसपास आणि विजेचं पंचवीस-सव्वीस पेन्सच्या आसपास आहे. म्हणजे वीज चौपट महाग. विद्यार्थी काय करतात, चार जणांच्या घरात सगळ्यांनी ठरवायचं की हीटिंग लावायचं नाही, पैसे वाचवू, आणि मग प्रत्येक जण बाजारातून वीस पौंडांचा पंख्याचा हीटर आणून आपापल्या खोलीत लावतो. तो हीटर दोन किलोवॅटचा असतो. तासाला दोन युनिटं, म्हणजे पन्नास पेन्सच्या वर. सहा तास अभ्यास केला की तीन पौंड, आपले साडेतीनशे रुपये, एका खोलीचे, एका संध्याकाळचे. चार खोल्यांचे मिळून हिशेब करा. तेवढ्याच पैशांत गॅसवर घराची कितीतरी जास्त ऊब मिळाली असती. हीटर चांगलाच, पण एका खोलीत अर्धा तास लावायला.

सगळीच घरं गॅसची नसतात. काही फ्लॅटमध्ये फक्त वीज असते, आणि रात्री तापणारे, आत विटा भरलेले जड हीटर असतात. त्यांना रात्री सात तास स्वस्त वीज मिळण्याची योजना असते. दर रात्री वीज साठवायची आणि दिवसा सोडायची, असे त्याला दोन खटके असतात. दिवसा सोडण्याचा खटका रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी घर तापलेलं आणि संध्याकाळी गार, असं होतं. अशा घरात जाणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ते दोन खटके समजून घ्यावेत.

ऑफजेम नावाची सरकारी नियामक संस्था २०१९ पासून दरावर कमाल मर्यादा ठरवते, आणि २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते. बातमीत तिचा आकडा वर्षाच्या पौंडांत सांगतात, म्हणून लोकांना वाटतं, आपलं बिल त्याच्यावर जाणारच नाही. मर्यादा असते ती युनिटच्या दरावर. जास्त जाळलं तर जास्त बिल. शिवाय रोजचा एक ठरलेला आकार असतो, तो काही न जाळताही लागतो. काही घरांत आधी पैसे भरायचा मीटर असतो. त्यात उन्हाळ्यात पैसे टाकले नाहीत तरी रोजचा आकार चढत राहतो, आणि ऑक्टोबरात पैसे टाकले की आधी ती थकबाकी कापली जाते. घरात पाऊल ठेवलं त्या दिवशीच दोन्ही मीटरचा फोटो काढायचा, तारखेसह. आधीच्या भाडेकरूचं बिल आपल्या गळ्यात पडू नये, यासाठी त्याहून सोपा उपाय नाही.

आता कूलरवाली गोष्ट. इंग्रजी घर हिवाळ्यात डब्यासारखं बंद असतं. त्यात आपण कुकरच्या चार शिट्ट्या काढतो, भाताची वाफ, वरणाची वाफ, आंघोळीची वाफ, आणि ओले कपडे रेडिएटरवर वाळत टाकतो. ते सगळं पाणी हवेत जातं. फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा पेला बाहेर ठेवला की त्यावर थेंब येतात, तसंच ते पाणी गार भिंतीच्या कोपऱ्यात उतरतं, आणि महिनाभरात तिथे काळी बुरशी धरते. बांच्या काळच्या रॉकेलच्या हीटरनं तर हे आणखी व्हायचं, कारण एक लिटर रॉकेल जळालं की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. उपाय आपल्याला माहीत आहे: स्वयंपाक करताना झाकण ठेवा, पंखा लावा, दार बंद करा, आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.

पण बुरशीचा सगळा दोष भाडेकरूच्या वाफेवर ढकलला जातो, तिथे गप्प बसू नका. रॉचडेल या गावात सुदानहून आलेल्या एका कुटुंबाचा अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात गेला. घरात बुरशी होती आणि त्याचे आईवडील वारंवार तक्रार करत होते. २०२२ मध्ये चौकशीत निष्कर्ष निघाला, की दीर्घकाळ बुरशीत राहिल्यामुळे त्याच्या श्वसनाला इजा होऊन मृत्यू झाला. त्यानंतर त्याच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. सामाजिक गृहनिर्माणाच्या घरांत बुरशीची तक्रार आली, की ठरावीक मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावी लागते. हा नियम २०२५ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. नवखी माणसं भाषेच्या आणि व्हिसाच्या भीतीनं तक्रार करत नाहीत. तक्रार लेखी करायची, फोटो जोडायचा, तारीख टाकायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गॅस नीट जळाला नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. इंग्लंडमध्ये घरमालकानं दर वर्षी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे, आणि त्याचा दाखला भाडेकरूला राहायला येण्याआधी द्यावा लागतो. तो मागून घ्यायचा. 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नाव असलेल्या माणसाशिवाय कुणीही गॅसला हात लावू नये. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या भाड्याच्या घरात ज्या खोलीत बॉयलर आहे, त्या खोलीत या वायूचा अलार्म बसवणंही सक्तीचं आहे. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण न दाबता बाहेर पडून ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करायचा. अलार्म वाजला तरीही तेच.

आणि हे ऐकताना असं समजू नका, की ही तिकडची गोष्ट आहे. आपल्या घाटाखाली-घाटावर गेल्या पंधरा वर्षांत घरोघरी आंघोळीला गॅसचे गीझर आले. बाथरूम पाच बाय चारचं, खिडकी नावाला, थंडीत तीही बंद, आणि गीझर आतच. आपल्या राज्यात अशा बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध होऊन दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवून झोपणाऱ्यांच्याही. तोच वायू, तेच कारण. गीझर बाहेरच्या भिंतीवर घ्या. तो आत असेल, तर झरोका कधी बुजवू नका. हे करायला इंग्लंडला जावं लागत नाही, आज घरी गेल्यावर करता येतं.

शेवटचं, आईवडिलांबद्दल. माझे बाबा एका हिवाळ्यात चार महिने आमच्याकडे होते. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो, की ते हीटिंग बंद करायचे आणि कोट, टोपी, मफलर घालून सोफ्यावर बसून राहायचे. आम्ही यायच्या अर्धा तास आधी पुन्हा चालू करायचे. लेकीचे पैसे वाचवायचे होते. हे मला बांनी सांगितलं, त्यांच्या खिडकीतून ते दिसायचे. बाबांचं वय तेव्हा एकाहत्तर. तिथली आरोग्यसेवा सांगते, की पासष्टच्या पुढच्या माणसाच्या खोलीचं तापमान अठरा अंशांच्या खाली जाऊ नये, कारण गार खोलीत रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी मलकापूरचा उन्हाळा काढलाय, ही थंडी काय करते!" मग मी भिंतीवर एक साधं तापमापक लावलं आणि त्यांना रोज दुपारी आकडा वहीत लिहायचं काम दिलं. आयुष्यभर तलाठी कार्यालयात नोंदी केलेला माणूस. वहीत सतराचा आकडा लिहायला त्यांना आवडेना, म्हणून हीटिंग चालू राहिलं.

तुमच्यापैकी जे तिकडे जाणार आहेत, त्यांनी ही वही आठवा. आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर "जेवलास का" विचारून झालं की, "खोलीत किती डिग्री आहे" हेही विचारा. मुलगा म्हणेल, "आई, काही थंडी वाटत नाही." त्याच्या अंगावर जॅकेट आहे का, ते बघा. टोपी घालून बसला असेल, तर दोन-तीन हजार रुपये पाठवा, आणि सांगा की हे पुस्तकासाठी नाहीत, हीटिंगसाठी आहेत.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सरांनीही मान डोलावली, याचा आनंद आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मी जेवणाच्या पंगतीत आहेच.